दस्ता आणि दस्तऐवज

'दस्ता' हा शब्द आपण महाविद्यालयात बहुधा कागदांच्या संदर्भात वापरतो. परीक्षा विभागाकडून दोन दस्ते कोरे कागद मागवावेत, इतकाच त्याच्याशी आपला रोजचा संबंध. शब्दकोश उघडला तर मात्र त्याचे आणखी अर्थ भेटतात : हत्याराची मूठ, खलात कुटण्याचा बत्ता आणि बंदुकीचा मागचा, खांद्याला टेकणारा भाग. वर्तमानपत्रांतील 'बंदुकीच्या दस्त्याने मारहाण' हा शब्दप्रयोग यातल्या शेवटच्या अर्थाचा. या सर्वांच्या मुळाशी फारसीतील 'दस्त' म्हणजे हात आहे. दस्तखत आणि दस्तऐवज हे शब्दही त्याच कुळातले. हाताने धरायची वस्तू आणि हाताशी ठेवायचा लेखी पुरावा, अशी ही भावकी आहे.

या भावकीतल्या दोन शब्दांची, दस्ता आणि दस्तऐवज यांची, विलक्षण गाठ पडलेली दिसते ती अमेरिकेतील काही राज्यांच्या शस्त्रविषयक कायद्यांत. तेथे अर्धस्वयंचलित रायफलीला कोणता दस्ता बसवला आहे, यावर ती रायफल कायदेशीर की बेकायदेशीर हे ठरू शकते. नळी तीच, काडतूस तेच, चापाच्या एका ओढीला एक गोळी हा क्रमही तोच. पण दस्ता बदलला की तिचा मालक निर्दोष नागरिक ठरतो किंवा गुन्हेगार. साहित्याच्या अध्यापकाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. माझे उत्तर असे की, व्याख्या कशाला धरते आणि तिच्या हातून काय निसटते, हा आपल्या अभ्यासक्षेत्रातला फार जुना प्रश्न आहे. आणि त्याची इतकी जिवावरची परीक्षा मला अन्यत्र दिसलेली नाही.

आधी वस्तू नीट पाहू. रायफलीचा दस्ता तीन कामे करतो. गोळीचा उलटा धक्का तो खांद्यावर पसरवतो, गाल टेकायला जागा देऊन डोळा नेमाच्या रेषेत आणतो आणि चाप ओढणाऱ्या हाताला धरायला आधार देतो. जुन्या लाकडी रायफलींत हे सगळे एकसंध असे. नळीखालून निघालेले लाकूड चापामागे बारीक होत, खाली उतरत खांद्यापर्यंत जाई. त्या बारीक भागावरून अंगठा पलीकडे टाकून हाताने पकड घ्यायची. या बांधणीत नळी वर आणि खांदा खाली राहतो, त्यामुळे गोळी सुटताच नळीचे तोंड वर उसळते. १९५० च्या दशकात आर्मालाइट या कंपनीत यूजीन स्टोनर यांनी जी रचना केली आणि जिच्यातून पुढे एआर-१५ व एम-१६ या रायफली निघाल्या, तिच्यात दस्ता नळीच्या सरळ रेषेत मागे नेला गेला. धक्का सरळ खांद्यात जाऊ लागला, तोंड कमी उसळू लागले. यंत्रणेला पुन्हा पुढे ढकलणारी स्प्रिंग ज्या नळकांड्यात असते, ते नळकांडेही दस्त्याच्या पोटात आले. पण सरळ दस्त्याला हाताने धरण्याजोगा उतार उरत नाही. म्हणून चापामागे खाली उतरणारी, पिस्तुलाला असते तशी, स्वतंत्र मूठ द्यावी लागली. कायद्याचे पुढचे सारे महाभारत या मुठीभोवती घडले आहे.

१७ जानेवारी १९८९ रोजी कॅलिफोर्नियातील स्टॉकटन शहरात एका प्राथमिक शाळेच्या मैदानावर गोळीबार झाला. पाच मुले मरण पावली, तिसाहून अधिक लोक जखमी झाले. मेलेली मुले कंबोडिया आणि व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासित कुटुंबांतली होती. त्याच वर्षी राज्याने 'रॉबर्टी-रूस' या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. त्याची पद्धत सोपी होती : ज्या शस्त्रांवर बंदी घालायची त्यांची नावे लिहून काढणे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर हा कायदा विशेषनामांवर उभा होता. विशेषनाम एकाच व्यक्तीला चिकटलेले असते, त्यातून जातीचा बोध होत नाही; तीच वस्तू किरकोळ फरकाने, दुसऱ्या नावाने बाजारात आली की यादी निरुत्तर होते. आणि तसेच झाले.

१९९४ च्या संघीय कायद्याने नावांच्या जोडीला विशेषणे घेतली. काढता-घालता येणारे मॅगझिन असलेल्या अर्धस्वयंचलित रायफलीत पुढीलपैकी दोन लक्षणे आढळली तर ती निषिद्ध : दुमडणारा किंवा सरकता दस्ता, यंत्रणेखाली ठळकपणे बाहेर आलेली पिस्तुलासारखी मूठ, संगीन बसवण्याची खाच, गोळीची ज्वाला झाकणारे तोंड किंवा ते बसवण्यासाठी आटे पाडलेली नळी, आणि ग्रेनेड फेकण्याची सोय. उत्पादकांनी संगीनीची खाच आणि ज्वालारोधक तोंड काढून टाकले, दस्ता स्थिर केला, मूठ तशीच ठेवली आणि विक्री चालू राहिली. दहा वर्षांची मुदत संपून २००४ मध्ये तो कायदा विरला. कॅलिफोर्नियाने मात्र १९९९ मध्ये आपला कायदा कडक केला होता. १ जानेवारी २००० पासून तेथे एकच लक्षण पुरेसे ठरले आणि लक्षणांत अंगठ्यासाठी भोक पाडलेला दस्ताही आला. आता मूठ आणि दस्ता या दोहोंपैकी काहीच सुटेना.

पण 'ठळकपणे' हे क्रियाविशेषण कोणाच्या डोळ्याने मोजायचे? एकाला ठळक वाटेल ते दुसऱ्याला वाटणार नाही. म्हणून राज्याच्या न्याय विभागाने नियमांत त्याचा अर्थ बांधून दिला. त्या वाक्याचा मराठी भाव असा : गोळी झाडताना चाप ओढणाऱ्या हाताचे, अंगठा आणि तर्जनी यांमधले बेचके चापाच्या उघड्या भागाच्या वरच्या टोकाखाली ठेवता येईल, अशी पिस्तुलाप्रमाणे पकड जी मूठ घेऊ देते, ती मूठ 'ठळकपणे बाहेर आलेली'. कायद्याच्या भाषेत मानवी हाताचे इतके बारीक वर्णन मी तोवर वाचलेले नव्हते. नामापासून निघून विशेषणावर आलेला कायदा येथे क्रियापदाशी येऊन थांबला होता.

हे वाक्य माझ्यापुढे आले ते माझ्या आतेभावामुळे. तो बरीच वर्षे कॅलिफोर्नियात आहे, तेथील नागरिक आहे. इथले त्याचे समवयस्क शनिवारी सकाळी टेकडीवर फिरायला जातात, तसा तो नेमबाजीच्या मैदानावर जातो. एका उन्हाळी सुटीत मी त्याच्याकडे राहत असताना त्याने स्वतः रायफल जुळवायला घेतली होती. क्रमांक असलेला मुख्य सांगाडा परवानाधारक दुकानदाराकडून, दहा दिवसांची सक्तीची प्रतीक्षा करून त्याने आणला होता. दस्ता निवडायचा राहिला होता. जेवणाच्या टेबलावर वेगवेगळ्या दस्त्यांची चित्रे आणि नियमांचे छापील कागद पसरलेले होते.

"ताई, तू इतकी वर्षं व्याकरण शिकवतेस, हे एक वाक्य वाचून सांग," तो म्हणाला. "वकिलाला विचारलं तर तो तासाचे पैसे लावतो आणि शेवटी 'तसं सांगता येत नाही' म्हणतो."

मी वाक्य दोनदा वाचले. त्याची शंका अशी होती : "मी अंगठा पलीकडे टाकून धरतच नाही. माझा अंगठा वरच असतो. मग ही साधी मूठ मला चालेल ना?"

"नाही चालणार. इथे 'ठेवतो' असं क्रियापद नाही, 'ठेवता येईल' असं आहे. तू कसं धरतोस, याच्याशी या वाक्याला कर्तव्यच नाही."

"म्हणजे मी न केलेल्या गोष्टीसाठी मी गुन्हेगार?"

"अरे, या वाक्यात कर्ता तू नाहीसच. कर्ता मूठ आहे."

तो हसला आणि म्हणाला की हे वकिलापेक्षा बरे सांगितलेस. मलाही त्या क्षणी बरे वाटले. शक्यार्थक संयुक्त क्रियापदे आपण दरवर्षी शिकवतो, पण त्यांच्यावर कोणाचे स्वातंत्र्य अवलंबून असल्याचा अनुभव क्वचितच येतो. वाक्याची रचना खरोखर निर्दोष होती. माणसाच्या हेतूचा किंवा सवयीचा पुरावा शोधत बसण्याऐवजी ती वस्तूच्या शक्यतेवर बोट ठेवत होती. हेतू लपवता येतो. बेचके कोठवर पोचते ते कोणालाही पाहता येते.

त्याच्यापुढे कायदेशीर वाटा दोन होत्या. यंत्रणा उघडल्याशिवाय निघणार नाही असे, दहापेक्षा अधिक काडतुसे न मावणारे स्थिर मॅगझिन घ्यायचे आणि मूठ-दस्ता हवा तसा ठेवायचा. किंवा मॅगझिन काढते-घालते ठेवून सगळी लक्षणे काढून टाकायची. त्याने दुसरी वाट धरली. या वाटेवर दस्त्यांचे प्रकार अनेक. एकात नेहमीची मूठच असते, पण तिच्यामागे माशाच्या परासारखा पातळ पडदा असतो, त्यामुळे अंगठ्याला मुठीला वळसा घालता येत नाही. तो चापाच्या बाजूलाच राहतो. दुसऱ्यात मूठ आणि दस्ता एक होऊन जुन्या लाकडी रायफलीसारखा उतार तयार होतो, आणि हाताचे बेचके आपोआप वर राहते. थॉर्डसन कस्टम्स या उत्पादकाचा एफआरएस-१५ हा दस्ता या प्रकारातला. सरकता दस्ता घ्यायचाच असेल तर तो खिळ ठोकून एका जागी कायमचा स्थिर करावा लागतो. अशा रायफलीला बाजारात 'फीचरलेस' म्हणतात. आपल्या कानाला तो शब्द निर्गुणासारखा लागतो.

भावाने उताराचा दस्ता निवडला. पुढच्या एका शनिवारी मैदानावर त्याने ती रायफल चालवली, तेव्हा मी कानांवर संरक्षक लावून मागे उभी होते. मला फरक सांगता आला नसता. त्याला सांगता येत होता : मनगट थोडे वळवावे लागते, मॅगझिन बदलताना पकड सोडावी लागते, पण सवय होते, असे तो म्हणाला. पुठ्ठ्यावरची भोके मात्र जवळजवळ होती.

अमेरिकेत या लक्षणांविषयी जो वाद चालतो, तो काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल. मम्मटाने गुण आणि अलंकार यांत भेद केला. शौर्य जसे आत्म्याचे, तसे गुण रसाचे. हार जसा देहावर, तसे अलंकार शब्दार्थांवर. शस्त्रबाळग्यांचा पक्ष म्हणतो की मूठ, सरकता दस्ता हे सारे अलंकार आहेत, केवळ देखावा. त्यांनी रायफल अधिक मारक होत नाही. कायद्याचा पक्ष म्हणतो की हे गुण आहेत. पकड पक्की राहिल्याने सलग नेमबाजी सोपी होते, दुमडलेली रायफल लपवता येते. स्टोनर यांच्या सरळ दस्त्याचा इतिहास पाहिला तर पहिल्या पक्षाचे म्हणणे पुरते टिकत नाही, कारण मूठ रचनेच्या गरजेतूनच आली. दुसऱ्या पक्षाचेही पुरते टिकत नाही, कारण ती काढल्यावर रायफल थोडी अवघडते, एवढेच. २०२१ मध्ये संघीय न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी कॅलिफोर्नियाचा कायदा घटनाबाह्य ठरवताना या रायफलीची तुलना बहुपयोगी स्विस चाकूशी केली आणि देशभर खळबळ उडाली. २०२३ मध्ये त्यांनी पुन्हा तसाच निकाल दिला. दोन्ही वेळा वरच्या न्यायालयाने स्थगिती दिली. एका उपमेवरून एवढे वादंग होते, हे उपमेच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावे.

न्यायशास्त्राच्या कसोटीवर पाहू. लक्षणाचे दोष तीन : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. गाय म्हणजे तांबूस प्राणी म्हटले तर पांढरी गाय सुटते. शिंगे असलेला प्राणी म्हटले तर म्हैस आत येते. एकखुरी म्हटले तर एकही गाय सापडत नाही. म्हणून गळ्याखालची पोळी हेच गाईचे लक्षण, असा तो शालेय दृष्टान्त. रायफलीच्या व्याख्येत तिन्ही दोषांची उदाहरणे मिळतात. ग्रेनेड फेकण्याची सोय नागरिकाच्या रायफलीवर जवळजवळ आढळतच नाही. तो असंभवाचा शेजारी. सरकत्या दस्त्याचे उदाहरण अतिव्याप्तीचे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर नेमबाजाच्या हाताच्या लांबीला जुळावे लागते. माझ्या भावापेक्षा त्याची बायको वीतभर बुटकी आहे आणि तीही मैदानावर जाते. दोघांना एकच रायफल जुळवून घेता यावी, ही इच्छा गुन्हेगाराची नव्हे, पण व्याख्या तिला गुन्हेगाराबरोबर बसवते.

अव्याप्ती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रुगर मिनी-१४ नावाची एक रायफल १९७० च्या दशकापासून बाजारात आहे. तिच्या साध्या रूपात लाकडी, उताराचा, शेतकऱ्याच्या घरी शोभेल असा दस्ता असतो. खाली उतरणारी मूठ नाही. काडतूस एआर-१५ मध्ये चालते तेच, मॅगझिन काढते-घालते, प्रत्येक ओढीला एक गोळी. बाकीची लक्षणे टाळली की लक्षणांच्या कायद्याच्या दृष्टीने ती निरुपद्रवी. ६ डिसेंबर १९८९ रोजी कॅनडात माँट्रियल येथील एकोल पॉलिटेक्निक या अभियांत्रिकी संस्थेत एक माणूस मिनी-१४ घेऊन शिरला. एका वर्गात त्याने मुलींना वेगळे केले आणि मुलांना बाहेर जायला सांगितले. त्या दिवशी चौदा स्त्रिया मारल्या गेल्या. कॅनडाने त्या रायफलीवर बंदी घातली ती २०२० मध्ये.

आणखी एक उदाहरण अव्याप्तीपेक्षाही अस्वस्थ करणारे आहे. कनेक्टिकट राज्यात १९९३ पासून लक्षणांवर आधारलेला कायदा होता. १४ डिसेंबर २०१२ रोजी तेथील सँडी हुक शाळेत वीस मुले आणि सहा प्रौढ मारले गेले. तेथे वापरलेली रायफल त्या कायद्याच्या अक्षरात बसणारी होती. कागदोपत्री ती निर्दोष होती. नंतर कनेक्टिकटने आणि न्यूयॉर्कने दोनऐवजी एका लक्षणाची कसोटी स्वीकारली, आणि उत्पादकांनी नवे दस्ते काढले.

दस्त्याचा हिशेब येथेच संपत नाही. परदेशी रायफलींना आणखी एक गणित लागू आहे. १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांच्या सरकारने खेळासाठी योग्य नसलेल्या अर्धस्वयंचलित रायफलींच्या आयातीवर बंदी घातली. लगेच चीनमधून एमएके-९० ही रायफल येऊ लागली : आतून कलाश्निकोव्हच्या वंशातली, बाहेरून अंगठ्यासाठी भोक असलेला, शिकारी वाटणारा लाकडी दस्ता. १९९० मध्ये संघीय कायद्यात आणखी एक कलम आले. ज्या रायफलीच्या आयातीला बंदी आहे तशीच रायफल आयात भागांतून देशात जुळवायची नाही. नियमांत वीस भागांची यादी आहे, आणि त्यांतले दहापेक्षा अधिक आयात केलेले असू नयेत. या यादीत दस्ता हा एक भाग, मूठ हा दुसरा. म्हणून हौशी मंडळी अमेरिकी बनावटीचा दस्ता बसवून संख्या एकाने कमी करतात. अकरावा भाग दहावा झाला की कलमाची बाधा टळते. मात्रा मोजून वृत्त ठरवावे, तशी येथे वस्तूची जात मोजून ठरते.

येथवर आल्यावर हसू येते, आणि कायद्याचे अक्षर पाळून आशय चुकवणाऱ्यांवर रागही येतो. परंतु मराठी वाङ्मयाच्या अध्यापकाला हा राग इतका सरळ परवडणारा नाही. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने ब्रिटिश सरकारला राजद्रोही नाटके थांबवण्याचा अधिकार दिलेला असताना, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये 'कीचकवध' रंगभूमीवर आणले. कथा महाभारतातली, पात्रे पौराणिक, वेश पौराणिक. कीचकात कर्झन पाहायचा आणि भीमात जहालांचा मार्ग, हे प्रेक्षकांना कोणी सांगावे लागले नाही. नाटकाने कायद्याला चालेल असा दस्ता बसवला होता आणि आतली यंत्रणा तशीच ठेवली होती. आपण हे आजही कौतुकाने शिकवतो. रूपक, व्यंजना, अन्योक्ती या साधनांनी सत्तेचे शब्द चुकवणे, हा आपल्या वाङ्मयाचा मान आहे.

सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. ती घालताना त्याने लक्षणे मोजली नाहीत. या नाटकातून असा अर्थ घेता येईल, एवढे पुरेसे मानले. पुन्हा तेच 'ता येईल'. शब्दांविषयीच्या कायद्यात हे क्रियापद आले की ते राज्यकर्त्याच्या हातातले हत्यार बनते, कारण कोणत्याही वाक्यातून काहीही घेता येईल असे म्हणता येते. म्हणून अक्षराला चिकटणाऱ्या कायद्याला हसताना मला थोडे थांबावेसे वाटते. 'आम्ही सांगू ते घातक' असे म्हणणाऱ्या कायद्यापेक्षा 'बेचके येथे आले तर घातक' असे म्हणणारा कायदा नागरिकाला अधिक सुरक्षित ठेवतो. माझ्या भावाला कागद वाचून आपण कोठे उभे आहोत हे कळू शकले. १९१० च्या नाटककाराला ते कळण्याची सोय नव्हती.

तरी दोन्ही प्रसंग सारखे नाहीत, आणि ते सारखे मानणे म्हणजे उपमेच्या आहारी जाणे होईल. 'कीचकवधा'तला अर्थ प्रेक्षकाने स्वीकारल्याखेरीज पुरा होत नव्हता. प्रेक्षकाला तो नाकारण्याचे, वेगळा लावण्याचे, उठून जाण्याचे स्वातंत्र्य होते. गोळीला वाचक लागत नाही. व्यंजनेने कायदा चुकवला तर मागे एक चर्चा उरते. दस्त्याने चुकवला तर काय उरू शकते, ते स्टॉकटन, माँट्रियल आणि सँडी हुक ही तीन नावे सांगतात. तिन्ही ठिकाणी शाळा किंवा वर्ग होता, हे शिक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

मग दोष व्याख्येचा का? मला तसे वाटत नाही. याचे कारण न्यूझीलंडच्या उदाहरणात सापडते. १९९० मध्ये आरामोआना या खेड्यात एका बंदूकधाऱ्याने तेरा जणांना मारल्यावर तेथे १९९२ मध्ये 'लष्करी धर्तीच्या अर्धस्वयंचलित' रायफलींचा वेगळा वर्ग करण्यात आला. त्याची व्याख्याही लक्षणांचीच होती : दुमडणारा दस्ता, स्वतंत्र पिस्तुली मूठ, संगीनीची खाच वगैरे. आणि तेथेही तोच वाद उद्भवला. अंगठ्यासाठी भोक असलेला दस्ता म्हणजे 'स्वतंत्र मूठ' होय का? २००९ मध्ये पोलीस 'होय' म्हणाले, २०१० मध्ये न्यायालयाने त्यांचा अर्थ मानला नाही, २०१२ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. मग १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत एक्कावन्न माणसे मारली गेली. महिन्याच्या आत, १० एप्रिलला, संसदेने ११९ विरुद्ध १ अशा मतांनी नवा कायदा संमत केला. त्यात बहुतेक सगळ्या अर्धस्वयंचलित बंदुकांवरच बंदी आली. कमी क्षमतेच्या काही छोट्या बंदुका तेवढ्या वगळल्या. दस्त्याचा आकार, मुठीची जागा, अंगठ्याचे भोक हे सारे प्रश्न एका दिवसात निरर्थक झाले. व्याख्या करणारे तज्ज्ञ त्या महिन्यात अधिक हुशार झाले होते असे नव्हे. कशाला बंदी घालायची, याचा निर्णय झाला होता. निर्णय झाल्यावर व्याख्या सोपी झाली.

भारताचा १९५९ चा शस्त्र अधिनियमही निषिद्ध बंदूक अशीच यंत्रणेवरून सांगतो : चापावर दाब दिल्यावर तो काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत जिच्यातून गोळ्या सुटत राहतात ती. दस्त्याचा तेथे उल्लेख नाही. कॅलिफोर्नियाला असा मुळावरचा निर्णय घेणे सोपे नाही, हे मान्य केले पाहिजे. तेथे १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती आहे, आणि २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क मानला आहे. जे बाळगण्याचा हक्क लाखो लोक सांगतात आणि ज्याने मुले मारली जातात, अशा एकाच वस्तूविषयी समाजाचे एकमत होत नाही, तेव्हा कायदा त्या वस्तूच्या कडा मोजू लागतो. बेचक्यावरचे ते वाक्य इतके काटेकोर झाले ते यामुळे. मुख्य प्रश्नावर बोलता येत नाही, म्हणून सारी अचूकता हाताच्या एका कोपऱ्यात जमा झाली.

या विषयाने मला माझ्या वर्गापुरते एक शिकवले. आपण विद्यार्थ्यांना कवितेची व्याख्या विचारतो. मग मम्मटाची व्याख्या सांगतो, विश्वनाथाने तिच्यात काढलेली अव्याप्ती दाखवतो, छंद हे लक्षण मानले तर मुक्तछंदाचे काय, असे विचारतो, आणि शेवटी व्याख्या करणे अशक्य आहे असा सुसंस्कृत निष्कर्ष काढून तास संपवतो. आता मी त्यांना आणखी एक प्रश्न विचारायला सांगते : ही व्याख्या कोणाला, कशासाठी हवी आहे? अभ्यासक्रमात काय घ्यायचे ते ठरवायला, पुरस्कार द्यायला की बंदी घालायला? हेतू बदलला की तीच अव्याप्ती कधी क्षम्य ठरते, कधी भयानक. व्याख्येतली फट सापडली म्हणजे भाषा दुबळी ठरली, हा समज सोयीचा आहे. बहुधा त्या फटीत एक न घेतलेला निर्णय असतो, आणि तो घेण्याची जबाबदारी व्याकरणाकडे सोपवता येत नाही.